कुस्तीच्या बाईंची गोळी

अनारकुल : हात सैल सोड गं. मूठ कसली आवळतेस? मी काही तुझा पट्टा धरायला आलेली नाही, नुसतं ब्लडप्रेशर बघतेय.

असिलकान : सवय आहे, एजे. ताई म्हणून एजे म्हणते तुला, तरी तू अशी समोर येऊन बसलीस की मूठ आपोआप आवळते.

अनारकुल : अठरा वर्षं झाली त्या कुस्तीला. आता तू शाळेतल्या कुस्तीच्या बाई आणि मी या दवाखान्यातली सुया टोचणारी. फायनल कधीच संपली. दोन मिनिटं तोंड बंद ठेव. हं... यंत्र बिघडलंय वाटतं. दुसरा हात दे.

असिलकान : यंत्राला कशाला नावं ठेवतेस?

अनारकुल : पंच्याऐंशी, पन्नास. या हातालाही तेच. सकाळी काय खाल्लंस?

असिलकान : चहा.

अनारकुल : चहा खाल्लास. आणि त्याच्यासोबत?

असिलकान : आणखी चहा. रविवारी सासूबाईंच्या माहेरी जेवण होतं, तिथलं मटण बाधलंय. बाकी काही नाही.

अनारकुल : तेच मटण तुझ्या सासूनेही खाल्लं. सकाळी इथे येऊन गुडघ्याचं मलम घेऊन गेली, आणि जाताना माझा चहा पातळ असतो हे ऐकवून गेली. तिला नाही बाधलं ते?

असिलकान : आपांना काय बाधणार? त्यांनी मला पचवलंय.

अनारकुल : तिघी मुली तुला धरून घेऊन आल्या. म्हणाल्या, आमच्या बाई, एजेके, चटईवर पडल्या.

असिलकान : पडले नाही. बसले.

अनारकुल : पाठ चटईला लागली होती?

असिलकान : थोडी लागली होती.

अनारकुल : मग त्याला चीत होणं म्हणतात. तूच शिकवतेस ना पोरींना? आता नीट सांग, कधीपासून होतंय हे?

असिलकान : रविवारपासून. उठून उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते. सांधे ठणकतात, मळमळतं. आणि जेवायला नको वाटतं. मला, एजे. मी एकदा सहा माणसांचं बेशबरमाकचं पातेलं एकटीने पुसून खाल्लं होतं.

अनारकुल : ठाऊक आहे. तुझ्या नवऱ्याने सगळ्या कोचकोर गावाला सांगितलंय ते. पण मला एक कळत नाही, तुझ्या वर्गात तर बारा मुली होत्या. आज तिघीच कशा?

असिलकान : थंडी पडलीय.

अनारकुल : आपल्याकडच्या पोरी ऑक्टोबरच्या थंडीला भ्यायला लागल्या?

असिलकान : बटाटे काढायचे दिवस आहेत.

अनारकुल : थंडी की बटाटे, एक काहीतरी ठरव.

असिलकान : तू फार विचारतेस बाई. बरं, ऐक. मागच्या आठवड्यात माझी पिशवी तालमीत कलंडली. त्यातून गोळ्यांचं खोकं बाहेर आलं. बेगिमायने उचललं, नीट धूळबीळ झटकून मला दिलं. गुणी पोर आहे. पण देण्याआधी वरचं नाव वाचलं आणि घरी जाऊन फोनवर शोधलं, हे काय असतं म्हणून. फोनने सांगितलं, स्टिरॉइड.

अनारकुल : बेगिमायने? म्हणजे आमच्या मायरामबेकच्या?

असिलकान : तुझीच भाची. गुरुवारी पालकांची सभा होती. मी मुलींच्या नव्या पट्ट्यांबद्दल बोलायला उभी राहिले, तर तुझा भाऊ माझ्याआधी उठला. टोपी हातात घेऊन, अगदी अदबीने बोलला हं. म्हणाला, बाईंबद्दल मला आदर आहे, पण माझी मुलगी ज्यांच्या हाताखाली शिकते त्या स्वतः स्टिरॉइड घेतात. प्रांताची फायनल यांनी कशी जिंकली ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. उद्या हेच पोरींना द्यायला लागल्या तर काय करायचं?

अनारकुल : साखर बघायचं मशीन शोधतेय. बोट पुढे कर. मग तू काय म्हणालीस?

असिलकान : मी हसले.

अनारकुल : फारच उत्तम उत्तर दिलंस.

असिलकान : काय सांगणार होते? चाळीस माणसं समोर. तुझा भाऊ, गणिताचे मास्तर, माझ्या दोन नणंदा. त्यांना काय सांगू, की बाबांनो, माझ्या आतड्यांना आजार आहे आणि तो बळावला की मला दिवसातून बारा वेळा संडासला धावावं लागतं? रक्त जातं? की अकरा वर्षं मी प्रत्येक गावात कुस्त्यांना गेले की आधी आखाडा नाही बघत, संडास कुठे आहे ते बघते? त्यापेक्षा चोर ठरलेलं बरं.

अनारकुल : तीन पूर्णांक एक. साखरही तळाला गेलीय. हा मध चाट. थोडा थोडा.

असिलकान : मुख्याध्यापक म्हणाले, डॉक्टरचा कागद आणून द्या, तोवर लोकांचं तोंड बंद होत नाही. मला त्या कागदाचीच चीड आली. दुसऱ्या दिवशी गेले आणि खोकं त्यांच्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, हे घ्या, खणात ठेवा, मला नको. पोरींना मी काय देणार, आता माझ्याकडेच नाही.

अनारकुल : दुसऱ्या दिवशी म्हणजे शुक्रवारी.

असिलकान : हो.

अनारकुल : आज बुधवार आहे.

असिलकान : मला वार येतात, एजे.

अनारकुल : शुक्रवारपासून तू एकही गोळी घेतलेली नाहीस?

असिलकान : नाही. आणि पोट अगदी शांत आहे, तूच बघ. मला वाटतं इतकी वर्षं उगाचच—

अनारकुल : आडवी हो.

असिलकान : मी बरी आहे गं.

अनारकुल : असिल, आता मी चेष्टा करत नाहीये. आडवी हो, पाय या उशीवर ठेव, आणि तो डावा हात दे. शीर सापडेना बघ. तुझी कातडी म्हणजे कांद्याची साल झालीय. हलू नकोस. सापडली.

असिलकान : काय देतेयस?

अनारकुल : जे तू खणात ठेवून आलीस तेच, पातळ करून. गप्प पड. मला जिल्ह्याच्या डॉक्टरांना फोन लावू दे... हॅलो, अनारकुल बोलतेय. बाई आहे, वय एकोणचाळीस. आतड्यांचा क्रोन, अकरा वर्षांपासूनचा. आधी दोन वर्षं आतड्याचा टीबी समजून औषधं दिली होती. मग बिश्केकला ऑपरेशन, हातभर आतडं काढलं. दुसरी गोळी दिली होती ती यकृताला सोसली नाही. तेव्हापासून प्रेडनिसोलोनवर. मध्ये मध्ये बंद व्हायची, गेली चार वर्षं सलग. रोज पंधरा मिलिग्रॅम. दहाच्या खाली आणली की आजार उठतो. पाच दिवसांपूर्वी स्वतःहून थांबवलीय, एकदम. हो, एकदम. नाही, वेडी नाहीये, शिक्षिका आहे. दोन अँप्युल शिरेतून दिलेत, सलाइन लावतेय, साखर देतेय. तुमची गाडी नारिनला गेलीय? मग आम्ही आमच्याच गाडीने येतो. हो, मी सोबत येते.

असिलकान : शिक्षिका आहे म्हणालीस. पैलवान आहे असं नाही म्हणालीस.

अनारकुल : पैलवान म्हटलं असतं तर डॉक्टरांनीही तेच विचारलं असतं जे माझ्या भावाने विचारलं. थांब, तुझ्या नवऱ्यालाही लावते. तेमिर, मी अनारकुल. गाडी कुठपर्यंत आलीय? मग प्रवासी उतरव आणि सरळ दवाखान्यात ये. मेली नाहीये, बडबड करतेय. पण ये.

असिलकान : त्याला कशाला घाबरवलंस? पाच दिवस एक गोळी चुकली तर—

अनारकुल : ऐक. मूत्रपिंडावर कल्पाक टोपी घातल्यासारखी एक एक ग्रंथी बसलेली असते. बाहेरून तू हे औषध रोज घातलंस की ती म्हणते, आयतं मिळतंय, मी कशाला राबू? आणि झोपून जाते. चार वर्षं झोपलीय ती. तिला हळूहळू, हाका मारून उठवायचं असतं, महिनोन्‌महिने. तू एका दिवसात घर मोकळं करून निघून गेलीस. आतलं नाही, बाहेरचंही नाही. मग ब्लडप्रेशर कुणाच्या जिवावर उभं राहणार? आज त्या मुली आल्या नसत्या आणि तू घरी जाऊन झोपली असतीस तर सकाळी उठली नसतीस. इतकं साधं आहे ते.

असिलकान : बिश्केकच्या डॉक्टरने सांगितलं होतं. मी विसरले नव्हते.

अनारकुल : मग?

असिलकान : मला वाटलं, बघूया. एकदा तरी बघूया, त्या गोळीशिवाय मी कशी आहे. मायरामबेकचा राग आला म्हणून नुसतं नाही गं. आरशात बघते तर तो चेहरा माझा नाही. मानेमागे उंटासारखा उंचवटा आलाय. जरा कुठे लागलं की दंड काळानिळा. सासूबाई तेवढ्या खूश. पहिल्या वर्षी माझे गाल फुगले तर शेजारणींना बोलावून दाखवायच्या, बघा आमच्या घरात येऊन सुनेच्या तोंडाचा कसा चंद्र झालाय. कितीदा सांगितलं की आपा, हे औषधाने आहे. तर म्हणाल्या, कशाने का असेना, शोभतंय.

अनारकुल : शोभतं खरं. तेव्हा तू वाळवलेल्या माशासारखी होतीस.

असिलकान : आणि लोकांना वाटतं यानेच ताकद येते. पैलवान जे घेतात तेच हे.

अनारकुल : दोन्ही गोळ्यांचं आडनाव तेवढं एक आहे, घरं वेगळी. ती स्नायू चढवते, ही उतरवते.

असिलकान : मला सांगतेस? माझ्या मांड्या बघ. या मांड्यांवर मी तुला उचललं होतं. आता जमिनीवरून उठताना मला खुर्ची लागते.

अनारकुल : असिल, मला तुला एक सांगायचंय.

असिलकान : सुई काढू नकोस आणि काय ते सांग.

अनारकुल : मायरामबेकने ते आपल्या मनाने नाही काढलं. फायनलचं. त्या दिवशी आम्ही ट्रकमधून घरी येत होतो, मागे मेंढ्यांच्या कातड्यांवर बसून. तो पंधरा वर्षांचा होता. मला म्हणाला, ताई, ती एवढीशी पोर, तिने तुला कसं पाडलं? आणि मी म्हटलं, ती काहीतरी घेते. घेतल्याशिवाय माझ्यासारखीला असं कोणी उचलत नाही.

असिलकान : तू म्हणालीस?

अनारकुल : मी. मला पंचवीस पुरी झाली होती, ती माझी शेवटची फायनल होती, पुढच्या महिन्यात लग्न होतं. मला त्याच्यासमोर हरायचं नव्हतं. त्याने ते अठरा वर्षं जपून ठेवलं. बहिणीवर अन्याय झाला म्हणून. परवा खोकं दिसलं तेव्हा त्याला वाटलं असेल, आली वेळ.

असिलकान : तुला खरंच वाटलं होतं तसं?

अनारकुल : दोन दिवस वाटलं. मग राग ओसरला आणि कळलं की तू चांगली लढलीस, मी डावा पाय उशिरा मागे घेतला. पण तोवर बोलून झालं होतं. त्याला जाऊन परत सांगायची लाज वाटली. मग तू आजारी पडलीस, माझ्याकडे यायला लागलीस, आणि रोज वाटायचं की आता काय उकरून काढायचं.

असिलकान : मी तेव्हा रोज पहाटे आईच्या दोन गाईंचं दूध घेऊन खालच्या रस्त्यापर्यंत चालत जायचे. दोन्ही हातांत कॅन. चार मैल. मी काहीतरी घ्यायचे ते एवढंच.

अनारकुल : माहीत आहे. आता माहीत आहे.

असिलकान : अकरा वर्षं तू मला सुया टोचतेयस. एकदाही चुकून जास्त जोरात टोचली नाहीस. मला वाटायचं, हात हलका आहे.

अनारकुल : हात हलकाच आहे. मन जड होतं.

असिलकान : मला जरा राग येऊ दे तुझा. आत्ता अंगात त्राण नाही. उद्या येईल.

अनारकुल : येऊ दे. मी कुठे जातेय?

तेमिर : गाडी दाराला लावलीय. मागची सीट आडवी केलीय. गाद्या टाकल्यात चार.

अनारकुल : चार गाद्या? ती काय अंडं आहे?

तेमिर : आईने दिल्या, एजे. मी म्हटलं एक पुरे. ती म्हणाली, तुझ्या गाडीत बटाट्यांनाही लागतं. कशी आहेस?

असिलकान : बरी आहे. अनारकुल-एजे उगाच मोठं करतेय.

तेमिर : तुम्ही सांगा, एजे. ही मला गेल्या वेळी पोटातून रक्त जात असतानाही बरी आहे म्हणाली होती.

अनारकुल : शुक्रवारपासून गोळ्या बंद केल्या होत्या हिने. आता औषध दिलंय. चेहऱ्यावर रंग येतोय, बघ. पण जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचं, आणि तिथून बिश्केकला.

तेमिर : शुक्रवारपासून.

असिलकान : तू फेरीवर होतास.

तेमिर : माझ्या खिशात फोन असतो. तुला फाटकाला कुठला रंग द्यावा ते विचारायला सापडतो मी.

अनारकुल : कसलं फाटक?

तेमिर : तुम्हाला ठाऊक नाही? चार वर्षांपूर्वी हिचा डोस चाळीसवर नेला होता. डोळ्याला डोळा नाही, अंगात वारं शिरल्यासारखं. मी दोन दिवसांनी घरी आलो तर फाटक निळं. पुढच्या फेरीहून आलो तर हिरवं. तिसऱ्यांदा आलो तर परत निळं. मी घर ओळखायचं सोडून दिलं, कुत्रा बघून वळायचो.

असिलकान : हिरवा चांगला दिसत नव्हता.

तेमिर : तुझ्या हातात ब्रश होता आणि रडत होतीस. ते मी गावात नाही सांगितलं. फाटकाचं सांगितलं.

असिलकान : तेमिर.

तेमिर : गोळ्या कुठे आहेत?

असिलकान : मुख्याध्यापकांच्या खणात.

तेमिर : वाटेत शाळा लागते.

असिलकान : भांडू नकोस तिथे.

तेमिर : भांडायचं काय? माझ्या बायकोचं औषध आहे, ते मागतो. एजे, सलाइनची बाटली तुम्ही धरा, हिला मी उचलतो.

असिलकान : मी चालते.

तेमिर : तू चालशील गं. पण आज मी उचलतो.

(दोन आठवड्यांनंतर. त्याच दवाखान्यात, दुपारचा चहा.)

असिलकान : हा चहा खरंच पातळ आहे. आपा बरोबर बोलतात.

अनारकुल : बिश्केकचं पाणी प्यायलीस आणि जीभ लांब झाली. काय म्हणाली डॉक्टर?

असिलकान : आधी अर्धा तास ओरडली. मग माझ्या खिशात एक कार्ड घातलं. त्यावर लिहिलंय की ही बाई बेशुद्ध सापडली तर हे औषध द्या. म्हणाली, मंगळसूत्रासारखं जपायचं... म्हणजे, तिने नाही, हे तेमिर म्हणाला. तो कुठल्याशा हिंदी सिनेमातून शिकलाय. गोळी वसंतापर्यंत उतरवायची, दर पंधरा दिवसांनी मुंगीएवढा तुकडा कमी. आणि नव्या इंजेक्शनसाठी माझं नाव पाठवलंय. ते लागू पडलं तर गोळी सुटेल. कधी मिळेल सांगता येत नाही. मिळालं तर मिळालं.

अनारकुल : आणि हाडं?

असिलकान : तू इथलं सांग आधी. मुली परत यायला लागल्या म्हणे. तू काय जादू केलीस?

अनारकुल : जादू कसली? मागच्या सोमवारी पालकांना परत बोलवायला लावलं. मायरामबेकला घरून हाताला धरून आणलं आणि पहिल्या ओळीत बसवलं. मग उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की अठरा वर्षांपूर्वी मी हरले होते आणि रडीचा डाव खेळले होते. या बाईने काहीही घेतलं नव्हतं. जे घेते ते आजारासाठी घेते, आणि आजार काय आहे तेही सांगते.

असिलकान : सांगितलंस?

अनारकुल : तुला फोनवर विचारलं होतं. तू हो म्हणाली होतीस.

असिलकान : म्हटलं होतं. संडासाचंही सांगितलंस?

अनारकुल : संडासाचं सांगितलं नसतं तर कुणाला काय कळलं असतं? सगळे खाली बघत होते. मला वाटलं, झालं, आता हिला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. आणि मग मागून गणिताच्या मास्तरांनी हात वर केला. म्हणाले, मला सात वर्षांपासून मूळव्याध आहे, यावरही काही गोळी आहे का?

असिलकान : कोण? तो कडक इस्त्रीवाला?

अनारकुल : तोच. मग तुझी थोरली नणंद म्हणाली तिला खडे झालेत. मग कोणीतरी गॅसचं काढलं. तासभर गावाची पोटं ऐकली मी. मुख्याध्यापक मध्ये उठून म्हणाले, पट्ट्यांचा विषय घेऊया का, तर त्यांना कोणी बोलू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी इथे रांग. निम्म्यांनी विचारलं, असिलकान-एजेकेंना जी गोळी आहे ती आम्हाला चालेल का.

असिलकान : देऊ नकोस हं.

अनारकुल : म्हटलं, फाटक रंगवायचं असेल तर घ्या.

असिलकान : आणि मायरामबेक?

अनारकुल : तो बोलला नाही. माझ्याशी अजूनही धड बोलत नाही. मी त्याची अठरा वर्षं वाया घालवली असं त्याला वाटतंय, आणि खरंच आहे ते. पण तालमीच्या त्या फुटक्या खिडकीला काच बसलीय. तू दोन हिवाळे पुठ्ठा लावत होतीस ना? शनिवारी सकाळी एकटाच शिडी घेऊन गेला होता. बेगिमायने सांगितलं. त्याने तिला बजावलं होतं, कुणाला सांगू नकोस म्हणून.

असिलकान : ती पोर काहीच पोटात ठेवत नाही.

अनारकुल : आमच्या घराण्यात कोणीतरी तसं निपजायला हवं होतं. तुला राग आला का मग माझा? तू म्हणाली होतीस येईल.

असिलकान : आला. दवाखान्यात दोन दिवस चांगला आला. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला तुझं सगळं सांगितलं. ती म्हणाली, सोडून दे असल्या मैत्रिणीला. मग मलाच तिचा राग आला.

अनारकुल : हाडांचं विचारलं मी.

असिलकान : कण्याचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाली, हा कणा साठीच्या बाईचा आहे. एक मणका आधीच थोडा बसलाय, मला कळलंही नाही. पाठ दुखते म्हणून तेल लावत होते. चालायचं, उन्हात बसायचं, दूध-दही, एक वेगळी गोळी. आणि कुस्ती बंद.

अनारकुल : शिकवणं?

असिलकान : शिकवणं नाही. पण कुणाला उचलायचं नाही, कुणी मला उचलायचं नाही, खाली पडायचं नाही. मी विचारलं, एकदा सावकाश डाव दाखवला तर? ती म्हणाली, सावकाश पडलीस तरी हाड जोरातच मोडेल.

अनारकुल : ...

असिलकान : काहीतरी बोल. चेष्टा कर. तू गप्प बसलीस की मला खरंच वाईट आहे असं वाटतं.

अनारकुल : वाईट आहेच की. साखर घेतेस का अजून?

असिलकान : नको. साखरही मोजून आहे आता. एजे, काल तालमीत जाऊन उभी राहिले. नऊ मुली आल्या होत्या. नुसतं तोंडाने सांगत होते, पट्टा असा धर, कंबर अशी आत घे, आता वळ. माना डोलवत होत्या बिचाऱ्या, पण कुणाला काही कळत नव्हतं. तो डाव तोंडाने सांगता येत नाही. अंगावर घ्यावा लागतो. दोघी लागतात. एक टाकणारी, एक पडणारी.

अनारकुल : तेरा-चौदा वर्षांच्या आहेत, आपसात शिकतील.

असिलकान : चुकीचं शिकतील. मानेवर पडतील. कोणीतरी मोठं लागतं, ज्याला पडता येतं. चांगलं, जाणतेपणाने. माझ्या माहितीत तसं पडणारी एकच आहे.

अनारकुल : असिल, मी त्रेचाळीस वर्षांची आहे.

असिलकान : मला आकडेही येतात.

अनारकुल : माझे गुडघे तुझ्या सासूच्याच मलमावर चालतात. त्या पोरी हसतील.

असिलकान : हसू देत. आठवड्यातून दोन दिवस. मी बाजूला खुर्चीवर बसून सांगेन, तू करायचं.

अनारकुल : म्हणजे तू खुर्चीवर, आणि मी नऊ पोरींच्या हातून नऊ वेळा आपटणार.

असिलकान : पहिल्या दिवशी नऊ. मग त्यांना जमायला लागलं की जास्त.

अनारकुल : कोणत्या वारी?

असिलकान : मंगळवार आणि शुक्रवार. चारला.

अनारकुल : मंगळवारी चारला बाळांच्या लसी असतात. त्या मी तीनला घेईन.